पैनगंगेपलीकडची मोगलाई

आमच्या ढाणकीकडच्या जुन्या माणसांच्या बोलण्यात 'मोगलाई' हा शब्द अजून सापडतो. दिल्लीची मोगल बादशाही बुडून दीडशेहून अधिक वर्षे लोटली, निजामाचे राज्य जाऊन पाऊणशे वर्षे होऊन गेली. पण "अमक्याची लेक मोगलाईत दिली," असे म्हणताना म्हातारी माणसे दक्षिणेकडे हात करतात. त्या हाताच्या दिशेने काही कोस गेले, की पैनगंगा लागते. पलीकडे आज नांदेड जिल्हा आहे. इकडे मराठी, तिकडेही मराठी. इकडे काळी जमीन, पऱ्हाटी आणि ज्वारी, तिकडेही तीच. आणि तरीही १९४७ च्या ऑगस्टापासून १९४८ च्या सप्टेंबरापर्यंत, तेरा महिने, ही नदी दोन देशांमधली सरहद्द होती. त्या पलीकडच्या देशात जावे की न जावे, हा प्रश्न आमच्या भागातल्या घराघरांत बसून सोडवला जात होता. परदेशगमन म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे आगबोट आणि चामड्याची बॅग उभी राहते. आमच्याकडचे परदेशगमन धोतर गुडघ्याच्या वर खोचून होत असे.

ही सरहद्द कोणी आखली, हे थोडक्यात सांगितले पाहिजे. वऱ्हाड हा मुळात निजामाचाच मुलुख. इंग्रजांनी निजामाच्या नावाने एक फौज बाळगली, तिचा खर्च निजामाच्या माथी मारला, तो थकला तेव्हा १८५३ च्या तहाने वऱ्हाडचा कारभार आपल्याकडे घेतला. १९०२ साली लॉर्ड कर्झनने हा तात्पुरता कारभार कायमच्या पट्ट्यात बदलून घेतला. त्याबद्दल निजामाला वर्षाला पंचवीस लाख रुपये मिळायचे ठरले. मालकी निजामाची, अंमल इंग्रजांचा, आणि शेतसारा भरणारे आम्ही. पुढे १९३६ च्या करारात निजामाचे मन राखण्यासाठी त्याला 'हैदराबाद व वऱ्हाडचा निजाम' असा किताब मिळाला आणि त्याच्या थोरल्या मुलाला 'प्रिन्स ऑफ बेरार' म्हणू लागले. या राजपुत्राचा आमच्या लोकांना उपद्रव असा काही झाला नाही. परंतु १९४७ साली इंग्रज निघून जाणार म्हटल्यावर, पट्टा देणारा राहतो आणि पट्टा घेणारा जातो, मग जमीन कोणाची, असा सवाल निजामाच्या दरबारातून खरोखरच निघाला. नदीच्या अलीकडच्या गावांतही त्या वर्षी धाकधूक होती ती यामुळे. पलीकडे जाण्याचा विचार करणाऱ्याला, पलीकडचे राज्यच इकडे येते की काय, हेही पाहावे लागत होते.

त्याआधीची शंभर वर्षे ही सरहद्द असून नसल्यासारखी होती. नाही म्हणायला तिकडे हाली सिक्का चाले आणि इकडे कलदार; सहा कलदारांना सात हाली असा ठरलेला भाव होता. माल नेणाऱ्याला करोडगिरीच्या नाक्यावर जकात द्यावी लागे. कचेरीचे कागद तिकडे उर्दूत. एवढे सोडले तर येणेजाणे मोकळे. नांदेडला जायचे तर आमच्या बाजूचा माणूस हिमायतनगरला जाऊन निजाम स्टेट रेल्वेची गाडी धरी. हे हिमायतनगर म्हणजे मूळचे वाढोणा; नाव बदलले तरी परमेश्वराच्या देवळामुळे जुने नाव लोकांच्या तोंडी राहिले. माहूरची रेणुका हे तर आमच्याकडच्या कितीतरी घरांचे कुलदैवत, आणि माहूर तेव्हा हैदराबाद संस्थानच्या आदिलाबाद जिल्ह्यात मोडत होते. म्हणजे आमची देवी परराज्यात राहत होती. त्यात कोणाला वावगे वाटत नसे. लेकी नदीच्या दोन्ही तीरांवर दिल्या जात, कारण सोयरीक जुळवताना हुंडा, कूळ आणि विहिरीचे पाणी पाहत. कोणाचे राज्य आहे, हे कोणी पाहत नसे.

१५ ऑगस्ट १९४७ ला हे बदलले. हैदराबाद संस्थान म्हणजे काही लहानसहान जहागीर नव्हे. ब्याऐंशी हजार चौरस मैलांचा मुलुख आणि एक कोट साठ लाखांच्या आसपास वस्ती. त्यात मराठी बोलणारे जिल्हे पाच: औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद. निजामाने हिंदी संघराज्यात सामील व्हायचे नाकारले. स्टेट काँग्रेसचे पुढारी स्वामी रामानंद तीर्थ यांना ऐन स्वातंत्र्याच्या दिवशी अटक झाली. इकडे ढाणकीला झेंडा लागला, आणि पलीकडे तोच झेंडा लावणाऱ्याला पोलीस धरून नेऊ लागले. लातूरचे वकील कासीम रझवी यांच्या हाती इत्तेहादुल मुसलमीन या संघटनेची सूत्रे होती, आणि तिचे रझाकार खेड्यापाड्यांतून कवायती करीत फिरू लागले. स्टेट काँग्रेसच्या कार्यकर्त्यांनी सरहद्दीबाहेर ठिकठिकाणी छावण्या घातल्या, त्यांतली एक आमच्या तालुक्याच्या गावी, उमरखेडला होती. तिथून रात्री नदी उतरून जाणारे तरुण निराळे आणि दिवाळीची करंजी बांधून जाणारे आमच्यासारखे निराळे. पण दोघांचा उतार एकच होता.

आणखी एक प्रवाह याच वेळी त्याच नदीतून वाहत होता, त्याचा उल्लेख आमच्याकडच्या गोष्टींत क्वचित येतो. पंजाबातल्या कत्तलींच्या बातम्यांनी भेदरलेली मुसलमान कुटुंबे वऱ्हाड-मध्यप्रांतातून हैदराबादकडे निघाली होती. तिकडून हिंदू कुटुंबे इकडे येत होती. दोघांनाही वाटत होते, की नदी ओलांडली की सुटलो.

आता आमच्या घरची हकिकत. मी तेव्हा पाळण्यात होतो. तेव्हा हे सारे ऐकलेले, परंतु एकाच तोंडून ऐकलेले नाही. आजी, वडील आणि खुद्द आत्या, तिघांनी तीन वेळा सांगितलेले, आणि जिथे तिघांचे पटते तेवढेच मी येथे घेतो.

आत्याचे लग्न होऊन तीन वर्षे झाली होती. तिचे सासर नदीपलीकडे, हिमायतनगरच्या बाजूला एका खेड्यात. १९४७ ची दिवाळी नोव्हेंबरच्या मध्याला आली होती. लेकीला दिवाळीला आणायचे, भाऊबिजेला भावाला ओवाळू द्यायचे, ही रीत. कोजागिरी झाली तशी आजीने विषय काढला. आजोबा म्हणाले, "यंदा राहू दे." आजी म्हणाली, "पोरगी तिकडं अंधारात, अन् मी इकडं पणत्या लावत बसू का?" यावर आजोबांनी काही उत्तर दिले नाही, पण त्या दिवसापासून त्यांनी चौकशीला सुरुवात केली. ही चौकशी त्यांनी कशी केली, हे मला इतिहासाच्या पुस्तकातल्या कित्येक प्रकरणांपेक्षा मोलाचे वाटते.

नागपूरची वर्तमानपत्रे चावडीवर दोन-तीन दिवसांनी येत. त्यांत दिल्लीतल्या वाटाघाटींची माहिती असे. २७ ऑक्टोबरला हैदराबादेत जमावाने छत्रीच्या नबाबांच्या आणि सर वॉल्टर मॉन्क्टन यांच्या घरांना वेढा देऊन करार करायला निघालेल्या शिष्टमंडळाला दिल्लीला जाऊच दिले नाही, ही बातमीही तशीच आली. आजोबा ती ऐकून घेत आणि म्हणत, "हे झालं हैदराबादचं. उताराचं काय?" दिल्ली-हैदराबादच्या खलित्यांवरून पैनगंगेच्या उतारावर काय चालले आहे, हे कळायला मार्ग नव्हता. म्हणून ते निराळ्या खुणा पाहत. आठवड्याच्या बाजाराला पलीकडची माणसे येतात का? येतात तर नुसते बापे येतात, की बायकाही येतात? परत जाताना उजेडी जातात, की चारचौघांची वाट पाहत बसतात? सराफ हाली रुपयावर बट्टा किती कापतो? हा बट्ट्याचा हिशेब त्यांचा सर्वांत आवडता होता. ते म्हणत, की माणूस भीतीपायी खोटे बोलेल, बढाईपायी खोटे बोलेल, पण सराफ आपल्या नुकसानीचे खोटे बोलणार नाही. माझ्या मते यात तथ्य आहे. राज्याच्या तब्येतीची नाडी पुष्कळदा त्याच्या नाण्यावरच सापडते.

पण शेवटी निर्णय झाला तो एका पिंजाऱ्याच्या शब्दावर. हा पिंजारी पलीकडच्या बाजूचा, जातीने मुसलमान. दरवर्षी पावसाळा सरला की खांद्यावर पिंजण टाकून नदी उतरायचा आणि आमच्या बाजूच्या गावांतून गाद्या पिंजत थंडीपर्यंत फिरायचा. आमच्या ओसरीवर त्याचा मुक्काम दोन दिवस ठरलेला. कापूस पिंजता पिंजता गावोगावच्या खबरी सांगायचा त्याचा परिपाठ होता. त्या वर्षी त्याची जीभ आखडती होती. आजोबांनी सरळ विचारले, तेव्हा तो एवढेच म्हणाला, "या पंधरवड्यात न्या लेकीला. मागून या म्हणाल तर मी सांगणार नाही." कोणत्या उताराने जायचे, तेही त्याने सांगितले. नाक्याचा नाही, खालचा.

तेव्हा पासपोर्ट नव्हता, परवाना नव्हता. त्यामुळे 'जाऊ नका' असे अधिकाराने सांगणारेही कोणी नव्हते, आणि जाऊन काही झाले तर विचारपूस करणारेही नव्हते. आजच्या दिवसांत परदेशी जाताना सरकारे आपल्या नागरिकांना सूचना देतात, वकिलातीचा पत्ता देतात. आमच्या वडिलांजवळ होता तो पिंजाऱ्याने सांगितलेला उतार.

वडील एकटेच गेले. दमणी नेली नाही; बैलजोडी दिसली की ती आधी जाते, असे आजोबांचे म्हणणे. जाताना काही घडले नाही. येताना आत्या, तिचे वर्षाचे मूल आणि वडील असे तिघे पहाटे निघाले आणि दिवस डोक्यावर यायच्या आत नदीच्या अलीकडे आले. आत्याचे यजमान आले नाहीत. कापसाची वेचणी लागली होती, आणि रान उघडे टाकून माणूस निघाला की घर सोडून गेला असे समजले जाई. मग त्या घराला मालक राहत नसे. यजमान राहिले म्हणूनच घर राहिले. घरातल्या एकाने निघायचे तर दुसऱ्याला राहावे लागते, हे तेव्हा वर्तमानपत्र वाचणाऱ्यांच्या ध्यानात येत नसे.

भाऊबीज झाली. ओवाळणीत वडिलांनी कलदार रुपये घातले. त्यानंतर दोनच आठवड्यांनी, २९ नोव्हेंबरला, हिंदुस्थान सरकार आणि निजाम यांच्यात वर्षभराचा 'जैसे थे' करार झाला. स्वामी रामानंद तीर्थ सुटले. चावडीवर पेढे वाटले गेले. मिटले, असे लोकांना वाटले. आत्याच्या बाबतीत खरा पेच इथून पुढे सुरू झाला.

माहेरी आलेली लेक कधीतरी परत जायचीच. न्यायला जाणे ही आठ-दहा तासांची जोखीम होती. परत जाणे म्हणजे त्या देशात राहायला जाणे. डिसेंबरात दत्तजयंतीला माहूरला जायचा आजीचा नेम होता, तो तिने त्या वर्षी मोडला. म्हणजे देवीला जे नाकारले ते लेकीला करायला सांगायचे होते. आजोबा म्हणत, उन्हाळ्यापर्यंत थांब. वडील म्हणत, करार झाला आहे, काही होणार नाही. आजी काहीच म्हणत नसे. इकडे करार टिकण्याची चिन्हे दिसेनात. निजाम सरकारने पाकिस्तानला वीस कोट रुपयांचे कर्जरोखे दिल्याचे उघड झाले. पाठोपाठ दोन हुकूम निघाले: संस्थानातून सोनेचांदी बाहेर न्यायची नाही, आणि हिंदुस्थानचे चलन संस्थानात चालणार नाही. दिल्लीच्या दृष्टीने हा कराराचा भंग होता. आमच्या माजघरात त्याचा अर्थ असा झाला, की भाऊबिजेची ओवाळणी आत्याच्या सासरी कवडीमोल, आणि अंगावरचा डाग एकदा पलीकडे नेला की परत आणायची सोय नाही.

निर्णय आत्याने स्वतः घेतला. संक्रांत झाली, तिळगूळ दिला, आणि ती म्हणाली, "माणूस तिकडं एकटा हाय. मी बसून खाऊ काय?" मंगळसूत्र सोडून सगळे डाग तिने आजीच्या हवाली केले. कलदार रुपयेही ठेवले. वडिलांनी सराफाकडून त्यांच्या बदल्यात हाली आणून दिले. मूल मात्र आपल्याजवळ ठेवून घ्यावे, असे आजीने म्हणताच ती ताडकन "नाही" म्हणाली. आजोबांनी आयुष्यात तिच्यापुढे तेव्हा प्रथमच माघार घेतली. जानेवारीच्या शेवटच्या पंधरवड्यात वडील तिला खालच्या उताराने पोचवून आले.

त्यानंतर महिना संपतो न संपतो तोच ३० जानेवारी आली. त्या दिवशी नांदेडकडच्या उमरी गावी स्वातंत्र्यसैनिकांनी बँकेवर छापा घालून वीस लाखांहून अधिक रुपये लढ्यासाठी नेले. आणि त्याच संध्याकाळी दिल्लीत गांधीजींची हत्या झाली. या दोन्ही बातम्या ढाणकीला एकामागून एक येऊन पोचल्या. स्वामीजींना त्याच महिन्यात पुन्हा अटक झाली होती. नदीपलीकडे झडत्या वाढल्या, रझाकारांचे फिरणे वाढले. २२ मे रोजी संस्थानच्या हद्दीतून जाणाऱ्या मद्रास-मुंबई मेलवर गंगापूर स्टेशनात हल्ला झाला, तेव्हा तर रेल्वेने जाणाऱ्यांनीही हैदराबादची हद्द टाळायला सुरुवात केली. आमच्याकडे मात्र तोवर टाळायचे किंवा न टाळायचे हा प्रश्नच उरला नाही. जूनमध्ये पाऊस लागला, नदीला पूर आला, उतार बुडाला. आत्याची चिठ्ठी नाही, निरोप नाही. पिंजारी पावसाळ्यात येत नसे. आजी रोज संध्याकाळी दिवा लावून दक्षिणेकडे तोंड करून उभी राहायची, आणि दक्षिण ही यमाची दिशा म्हणून आजोबा तिच्यावर रागवायचे.

ऑगस्टात निजाम सरकारने संयुक्त राष्ट्रांकडे तक्रार नेली. पॅरिसला सुरक्षा समितीने ती १६ सप्टेंबरला विचारात घेतली, तेव्हा हिंदी फौजा संस्थानात शिरून चौथा दिवस उजाडला होता. १३ सप्टेंबरला सुरू झालेली ही कारवाई १७ तारखेला संपली. पाच दिवसांत दोनशे वर्षांचे राज्य गेले. पैनगंगा मात्र आपल्या वेळेनेच उतरली. वडिलांना पलीकडे जायला दसरा उजाडावा लागला.

घर उभे होते. आत्या होती, मूल होते, यजमान होते. पावसाळ्यातले दोन महिने त्यांनी रानातल्या खोपटात काढले होते. ज्वारीचे पेव रिकामे झाले होते. ते कोणी रिकामे केले, याचे नाव आत्याने कधी घेतले नाही, कारण त्याच गावात तिला पुढे पन्नास वर्षे काढायची होती. १९४८ च्या दिवाळीला, नोव्हेंबरच्या पहिल्याच आठवड्यात, ती दमणीत बसून, नाक्याच्या उताराने, उघड्या उजेडात माहेरी आली. यजमानही आले.

पिंजारी मात्र आला नाही. कोजागिरी गेली, दिवाळी गेली, थंडी पडली. वडिलांनी पलीकडच्या लोकांना विचारले, तर लोक दुसरा विषय काढीत. आत्याला विचारले, तर तीही गप्प बसे.

हे त्या वेळी कोणी बोलत नव्हते, म्हणून इथे लिहितो. फौजांची कारवाई संपल्यावर संस्थानात मुसलमानांवर सूड उगवला गेला. पंडित नेहरूंनी पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांना चौकशीसाठी पाठवले. ते नोव्हेंबरच्या अखेरीपासून डिसेंबरपर्यंत संस्थानभर फिरले. मेलेल्यांची संख्या सत्तावीस ते चाळीस हजार असावी असा त्यांचा अंदाज होता, आणि सर्वांत अधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत त्यांनी उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर यांच्याबरोबर नांदेडचे नाव घातले होते. तो अहवाल सर्वसाधारण वाचकाला पाहायला मिळण्यास २०१३ साल उजाडले. रझाकारांनी जे केले ते आमच्या भागात पोवाड्यासारखे सांगितले जाते आणि ते खोटे नाही. हिमायतनगरच्या महाविद्यालयाला हुतात्मा जयवंतराव पाटलांचे नाव आहे, ते रास्तच आहे. परंतु ज्याच्या शब्दावर आमची आत्या सुखरूप आली, त्या माणसाला पुढल्या वर्षी पैनगंगेचा कोणता उतार सुरक्षित आहे, हे सांगणारे कोणी भेटले होते की नाही, हा प्रश्न वडिलांच्या मनातून शेवटपर्यंत गेला नाही. त्या हिवाळ्यात आमच्या गाद्या तशाच गठ्ठे झालेल्या कापसाच्या राहिल्या. दुसरा पिंजारी बोलवा, असे घरात कोणी म्हणाले नाही.

१ नोव्हेंबर १९५६ ला, दिवाळीच्याच दिवसांत, वऱ्हाड आणि मराठवाडा दोन्ही विशाल द्विभाषिक मुंबई राज्यात आले. किनवट आणि माहूर आदिलाबादेतून काढून नांदेडला जोडले गेले. करोडगिरी गेली, हाली सिक्का गेला. आजीने जपलेले डाग आत्याने तेव्हा कुठे परत नेले; आठ वर्षे ते ढाणकीच्याच पेटीत होते. आजोबांनी विचारले, "आता कशी नेतेस?" ती म्हणाली, "आता राज्य एक झालं म्हणत्यात. तरी दादा, नाक्याच्या उतारानं नको, खालच्यानं जाऊ."